पोर्ट स्कॅनची सूचना दिसली की नेमके काय पाहायचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अँटिव्हायरसने ‘पोर्ट स्कॅन अटॅक’ अशी सूचना दाखवली की छोट्या कार्यालयांत बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ती खिडकी बंद करून काम पुढे चालू राहते, नाहीतर घाबरून कुणाला तरी बोलावले जाते आणि तो संगणक फॉरमॅट करून, वर एखादे सुरक्षा पॅकेज गळ्यात मारून निघून जातो. पहिल्या प्रकारात खरा धोका नजरेतून सुटतो. दुसऱ्यात धोका होता की नव्हता हे सांगणारी नोंदच पुसली जाते. वृत्तपत्रांतले सायबर सुरक्षेचे लेख ‘पासवर्ड बदला, अनोळखी लिंक उघडू नका’ यापलीकडे फारसे जात नाहीत. पतसंस्था, सीएंची कार्यालये, दवाखाने, शाळा यांच्याकडे स्वतंत्र नेटवर्क प्रशासक नसतो. तिथल्याच कुणाला तरी ही सूचना वाचता यायला हवी, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

पोर्ट म्हणजे संगणकातल्या एखाद्या प्रोग्रॅमशी नेटवर्कवरून बोलण्याचे क्रमांक दिलेले दार. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. संगणकावर टीसीपीची ० ते ६५५३५ अशी पोर्ट असतात, यूडीपीची तितकीच वेगळी. दुसऱ्या संगणकाला एखाद्या पोर्टशी बोलायचे असेल तर तो आधी ‘सिन’ पॅकेट, म्हणजे जोडणी मागणारा माहितीचा छोटा तुकडा, पाठवतो. पोर्ट उघडे असेल तर ‘सिन-ॲक’ परत येते, बंद असेल तर ‘रीसेट’ येते, मध्ये फायरवॉल (नको ती पॅकेट अडवणारी यंत्रणा) असेल तर बहुधा काहीच येत नाही. या तीन उत्तरांवरून कुठे काय चालू आहे याची यादी करणे म्हणजे स्कॅन. सिन-ॲक मिळाल्यावर जोडणी पुरी न करता तिथेच तोडली तर तो ‘सिन स्कॅन’. यात ज्या प्रोग्रॅमचे पोर्ट तपासले त्याला बहुधा पत्ताही लागत नाही, म्हणून त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत काही सापडत नाही. शोधायचे ते फायरवॉलच्या नोंदीत.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. इंटरनेटवरचा प्रत्येक उघडा पत्ता रोज, दिवसभर स्कॅन होत असतो. एनमॅप हे स्कॅन करण्याचे साधन १९९७ पासून उपलब्ध आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप आणले. एका गिगाबिट जोडणीवरून साऱ्या आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या) इंटरनेटवरचे एक पोर्ट ते पाऊण तासाच्या आत तपासू शकते. शोडान हे शोधयंत्र २००९ पासून हेच करून शोधण्याजोगी यादी ठेवते. शॅडोसर्व्हरसारखी ना-नफा संस्था स्कॅन करून देशोदेशींच्या सुरक्षा यंत्रणांना धोक्याची माहिती पुरवते. तेव्हा ‘बाहेरच्या अमुक पत्त्याने तुमचे पोर्ट स्कॅन केले’ एवढीच सूचना असेल आणि पुढे काही नसेल, तर तुमच्यावर कुणाचा डोळा आहे असा तिचा अर्थ नाही.

दखल घ्यायची ती तीन प्रसंगी. स्कॅन आपल्याच वायफायच्या किंवा कार्यालयाच्या आतून आले असेल तर. आपलाच संगणक दुसऱ्यांना स्कॅन करत असेल तर. आणि स्कॅननंतर कुणीतरी उघड्या पोर्टावर येऊन थांबले असेल तर. बाकी सगळे नोंदवून सोडून द्यावे.

पण यातले काहीही कळायला आधी नोंद हवी, आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये ती मुळात बंदच असते. ती आजच चालू करावी. स्टार्टमध्ये ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ शोधून उघडा. डावीकडच्या पहिल्या ओळीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ घ्या. डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तीन टॅब दिसतील. प्रत्येकीत ‘लॉगिंग’समोरच्या ‘कस्टमाइझ’मध्ये जाऊन ‘लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स’ला ‘येस’ करा. फाइलची मर्यादा ४०९६ केबी असते, ती ३२७६७ करा. फाइल भरली की जुनी ‘ओल्ड’ नावाने बाजूला पडते आणि नवी सुरू होते. म्हणजे हाती एवढ्या दोनच फाइली राहतात. लहान मर्यादेत गजबजलेल्या नेटवर्कवरची कालची नोंद आज सापडत नाही.

अनेकजण तीनपैकी एकाच टॅबमध्ये हे करतात आणि मग फाइल रिकामी का म्हणून बुचकळ्यात पडतात. वायफाय ‘पब्लिक’ धरले गेले असेल आणि नोंद ‘प्रायव्हेट’ची चालू असेल तर काहीच उतरत नाही. दुसरे कारण म्हणजे स्वतःची फायरवॉल असलेला अँटिव्हायरस. तो विंडोजची फायरवॉल बाजूला सारतो, मग नोंद त्याच्या आतल्या अहवालात शोधावी लागते. तिसरे, ज्या फोल्डरात फाइल लिहायची ते अस्तित्वात नसते किंवा फायरवॉल सेवेला तिथे लिहिण्याची परवानगी नसते. सगळे ठीक असेल तर विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात लॉगफाइल्स, त्यात फायरवॉल आणि त्यात पीफायरवॉल नावाची फाइल सापडते. नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून ती उघडावी.

आता एक ओळ जवळून वाचू. तारीख आणि वेळ, मग ‘ड्रॉप’, ‘टीसीपी’, १९२.१६८.१.३७, १९२.१६८.१.१०, ४५१२२, ३३८९, ४४, ‘एस’, मग काही लांबलचक आकडे, १०२४, आणि शेवटाकडे ‘रिसीव्ह’. म्हणजे .३७ या यंत्राने आपल्या स्वतःच्या ४५१२२ पोर्टवरून .१० च्या ३३८९ या रिमोट डेस्कटॉपच्या पोर्टवर सिन पाठवले आणि फायरवॉलने ते टाकून दिले. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण पुढच्या ओळींत तोच .३७, तेच ४५१२२, आणि लक्ष्य पोर्ट मात्र ४४५ (विंडोजचे फाइल शेअरिंग), २२, ५९००, १४३३, ८०८० असे ओळीला एक बदलत गेले असेल, तर ते स्कॅन आहे. खरा प्रोग्रॅम एकाच मूळ पोर्टवरून अशी डझनभर दारे वाजवत नाही, तो प्रत्येक जोडणीला नवे मूळ पोर्ट घेतो.

४४ आणि १०२४ हे आकडेही बोलके आहेत. विंडोज संगणकाचे नेहमीचे सिन ५२ बाइटांचे असते, लिनक्स आणि अँड्रॉइडचे साधारण ६०, कारण त्यात वेळेचे शिक्के आणि इतर पर्याय भरलेले असतात. एनमॅपचे सिन स्कॅन हाताने बनवलेले पॅकेट पाठवते. त्याचा आकार ४४ बाइट आणि विंडो, म्हणजे एका वेळी किती माहिती घेता येईल तो आकडा, १०२४. झेडमॅपची जुनी खूण म्हणजे पॅकेटचा ओळख क्रमांक ५४३२१. तो विंडोजच्या नोंदीत दिसत नाही, पण लिनक्सच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नोंदीत ‘आयडी’समोर स्पष्ट दिसतो. या खुणा असल्या तर खात्री वाढते, नसल्या म्हणून स्कॅन नाही असे मात्र समजू नये. स्कॅन करणाऱ्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतील तर एनमॅप यंत्राची नेहमीचीच जोडणी वापरते आणि पॅकेट अगदी सभ्य दिसतात. तिथे मोजणीच कामी येते.

मोजणी अशी. फाइलची प्रत एक्सेलमध्ये ‘स्पेस’ हा विभाजक धरून उघडा. मूळ पत्ता आणि लक्ष्य पोर्ट हे दोन स्तंभ वेगळे काढा, ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ करा आणि पत्त्यानुसार मोजा. एका मिनिटात एकाच पत्त्याने पंधरा-वीस वेगवेगळ्या पोर्टांना हात लावला असेल तर ते उभे स्कॅन: एक यंत्र, अनेक पोर्ट. कार्यालयातल्या चार संगणकांच्या फाइली जुळवल्या आणि एकाच पत्त्याने चौघांनाही ४४५ वर विचारलेले दिसले तर ते आडवे. आडवे स्कॅन एका संगणकाच्या फाइलीत एकाच ओळीचे असते, म्हणून एकट्याने पाहणाऱ्याच्या हाती ते लागत नाही. माझ्या मते हेच जास्त गंभीर, कारण किडे (स्वतःहून पसरणारे घातक प्रोग्रॅम) असेच पसरतात. सावकाश स्कॅनलाही हाच न्याय. एनमॅपच्या सर्वांत संथ पद्धतीत दोन पॅकेटांमध्ये पाच मिनिटे जातात, म्हणून मिनिटाबरोबरच पूर्ण दिवसाचीही मोजणी करून पाहावी. लिनक्सवर पीएसॅड नावाचे साधन हे काम आपोआप करते. ते ५, १५, १५०, १५०० आणि १०,००० पॅकेटांना धोक्याची चढती पायरी देते.

आणखी एक बारकावा बहुतेक सूचनांत राहून जातो. ड्रॉपच्या नोंदीत फक्त फसलेल्या हाका असतात. जे पोर्ट उघडे होते त्यावर स्कॅनला यश आले, आणि ती ओळ ‘अलाउ’ म्हणून जाते. ती दिसायची तर ‘लॉग सक्सेसफुल कनेक्शन्स’ही ‘येस’ हवे. त्याने फाइल भराभर भरते, म्हणून संशय असेल तेवढे दिवसच ते चालू ठेवावे.

खोट्या गजराचे प्रकार ओळखता आले तर निम्मी भीती जाते. मूळ पोर्ट ५३ किंवा ४४३ आणि लक्ष्य ४९१५२ च्या वरचे एखादे पोर्ट, अशी ओळ म्हणजे बहुतेकदा उशिरा पोहोचलेले उत्तर. आपण वेबसाइट बंद केली, उत्तर मागून आले, फायरवॉलने टाकून दिले. राउटरच डीएनएसचे, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधण्याचे, काम करत असला की अशी उत्तरे त्याच्याकडून येतात आणि अँटिव्हायरस बिचाऱ्या राउटरलाच हल्लेखोर ठरवतो. यूडीपी ५३५३, १९००, ५३५५ आणि १३७ ही घरातल्या टीव्ही, फोन, प्रिंटर यांनी एकमेकांना शोधण्याची पोर्ट आहेत. प्रिंटरचे सॉफ्टवेअर १६१, ६३१ आणि ९१०० वर सगळ्या पत्त्यांना विचारते. काही अँटिव्हायरसमध्ये ‘नेटवर्क तपासा’ अशी सोय असते आणि ती खरोखरचे पोर्ट स्कॅन करते. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा अँटिव्हायरस स्कॅन करतो आणि आपल्या टेबलावरचा ओरडतो. संगणक चालू झाल्यावर रोज ठरावीक वेळाने ओळी येत असतील तर संशय याच गोष्टीवर घ्यावा. ती सोय एक दिवस बंद ठेवून ओळी थांबतात का पाहावे. तेवढा पुरावा पुरतो.

आता पत्ता कुठला आहे याकडे. राउटरमागे बसलेल्या संगणकापर्यंत बाहेरचे स्कॅन मुळात पोहोचत नाही, ते राउटरवरच संपते. अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांत तर सेवादाराकडेच एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तसे समजावे. तेव्हा संगणकाच्या फाइलीत परदेशी पत्त्याकडून ३३८९ वर सिन आलेले दिसले, तर ‘कोण आला’ हा प्रश्न दुय्यम आहे. तो आत कसा पोहोचला, हे आधी शोधावे. उत्तर चारपैकी एक असते: राउटरवर कुणीतरी पोर्ट फॉरवर्डिंग केले आहे (बाहेरचे पोर्ट आतल्या संगणकाकडे वळवले आहे), डीएमझेड चालू आहे (बाहेरून येणारे सगळे एकाच संगणकाकडे सोडले आहे), यूपीएनपीमुळे (राउटरकडून आपोआप पोर्ट उघडून घेण्याच्या सोयीमुळे) एखाद्या प्रोग्रॅमने किंवा डीव्हीआरने (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राने) स्वतःच दार उघडून घेतले आहे, नाहीतर संगणक डोंगलने किंवा थेट डायल करून राउटरशिवायच इंटरनेटला जोडलेला आहे. पत्ता आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, आणि राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बंद असेल तर मध्ये आडकाठीच नसते.

पत्ता १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा असेल तर यंत्र आपल्याच छताखाली आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी ही आज्ञा डॅश ए लावून चालवा. त्या पत्त्यासमोर बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, दिसेल. पहिली सहा अक्षरे निर्माता सांगतात. तोच मॅक राउटरच्या डीएचसीपी (कुणाला कोणता पत्ता दिला त्या) यादीत शोधला की यंत्राचे नावही बहुधा मिळते. मॅकचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बदलता पत्ता आहे, नव्या फोनांची ती रीतच आहे. तेव्हा एकेक फोन वायफायवरून काढून पाहावा. कॅमेरा किंवा डीव्हीआर निघाला तर त्याला नेटवर्कवरून तोडूनच पुढचा विचार करावा. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रॅमने अशीच यंत्रे कारखान्यातल्या पासवर्डांवर पकडली होती, आणि ती २३ आणि २३२३ वर पुढच्या सावजाला शोधत बसत.

आतल्या स्कॅनची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. मूळ संसर्ग युक्रेनमधल्या एका हिशेब सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून शिरला होता. आत आल्यावर तो १३९ आणि ४४५ वर शेजारची यंत्रे शोधत पसरला. बाहेरच्या बाजूला कितीही भक्कम फायरवॉल लावली तरी हे आतले विचारणे तिला दिसत नाही. म्हणून प्रत्येक संगणकाची स्वतःची फायरवॉल चालू हवी. ‘प्रिंटर शेअर होत नाही’ म्हणून ती कायमची बंद करून ठेवण्याची आपल्याकडची सवय फार महागात पडणारी आहे. त्यासाठी फाइल आणि प्रिंटर शेअरिंगची तेवढी परवानगी प्रायव्हेट नेटवर्कपुरती द्यावी.

आपलाच संगणक स्कॅन करतो आहे का, हे ड्रॉपच्या नोंदीत दिसणारच नाही, कारण विंडोज बाहेर जाणारे सगळे सोडते. त्यासाठी नेटस्टॅट ही आज्ञा डॅश ए-एन-ओ लावून चालवा. ‘सिन सेंट’ अशा ओळी एखाद-दुसरी असणे नेहमीचे. पण त्या चाळीस-पन्नास असतील, सगळ्यांचे लक्ष्य ४४५ किंवा २३ असेल आणि पत्ते एकापाठोपाठ एक चढत असतील, तर संगणक बाधित आहे असेच धरून चालावे. शेवटच्या स्तंभातला पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये शोधून प्रोग्रॅमचे नाव आणि जागा लिहून घ्या, पडद्याचा फोटो काढा, मग नेटवर्कची वायर काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी संगणक बंद केला तर चालू प्रोग्रॅमचा माग जातो. त्यानंतर डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन (हे व्हायरस शोधणारे, पोर्टचे नव्हे) करावे. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर बॉटनेटचे (दुरून चालवल्या जाणाऱ्या बाधित यंत्रांच्या जाळ्याचे) प्रोग्रॅम काढण्याची साधने मोफत मिळतात.

हीच आज्ञा आपली उघडी पोर्टही दाखवते. ‘लिसनिंग’ ओळीत १२७.०.०.१ असेल तर ते पोर्ट त्या संगणकापुरतेच आहे. ०.०.०.० असेल तर ते सगळ्यांसाठी उघडे आहे आणि केवळ फायरवॉलच्या भरवशावर आहे. ४४५ समोर पीआयडी ४ दिसेल, ते विंडोजचेच. टॅलीचे ९००० आणि तिच्या परवान्याचे ९९९९ कार्यालयाच्या आत ठीक, राउटरवरून बाहेर सोडण्याचे काहीच कारण नाही.

तिसरा प्रसंग आपल्याकडे सर्वांत जास्त घडण्याजोगा. घरून टॅली पाहता यावी म्हणून राउटरवर ३३८९ थेट उघडलेले असते. स्कॅनला ते सापडते आणि मग पासवर्डांचा मारा सुरू होतो. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिक्युरिटी’ भागात ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी शेकड्यांनी दिसतात, आणि त्यांत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘टॅली’, ‘बॅकअप’ अशी नावे असतात. त्या रांगेनंतर बाहेरच्याच पत्त्याकडून ४६२४ आले आणि त्यात लॉगऑन प्रकार १० असला, तर कुणीतरी आत शिरले आहे. ही नोंदही २० एमबीवर अडते आणि माऱ्यात लवकर पुसली जाते, तिची मर्यादाही वाढवावी. ३३८९ बदलून ३३९० करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने थोडी वर्दळ घटते, सापडायचे राहत नाही. एकेक पत्ता ब्लॉक करत बसणेही व्यर्थ, रोज नवे येतात. फॉरवर्डिंग काढून व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची कुलूपबंद खासगी वाट) लावणे हाच उपाय. वायरगार्ड हे व्हीपीएन यूडीपी ५१८२० वापरते आणि योग्य किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅनला तिथे काही आहे हेही कळत नाही.

उलट स्कॅन करण्याच्या फंदात कुणी पडू नये. नोंदीतला पत्ता बहुधा एखाद्या बाधित कॅमेऱ्याचा असतो, आणि एनमॅपमध्ये खोटे पत्ते मिसळण्याची सोय असल्याने तो त्याचाही नसेल. स्वतःच्या नेटवर्कवर एनमॅप जरूर चालवावे, मालकाला सांगून.

कळवण्याबाबत. सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे कंपन्या, फर्म आणि सरकारी संस्थांना बंधनकारक आहे, आणि त्या यादीत पहिलाच प्रकार महत्त्वाच्या यंत्रणांचे हेतुपुरस्सर स्कॅनिंग हा आहे. नोंदी १८० दिवस राखणेही त्यातच येते, म्हणजे त्या दोन फाइलींची प्रत ठरलेल्या दिवशी दुसरीकडे ठेवणे आले. घरगुती वापरकर्त्यावर हे बंधन नाही. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर स्कॅनची तक्रार करून ती रांग अडवू नये. सीईआरटी-इनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९. कळवताना मूळ पत्ता, लक्ष्य पोर्ट, पॅकेटांची संख्या आणि भारतीय प्रमाणवेळ द्यावी. विंडोजची फाइल स्थानिक वेळ लिहिते, पण राउटर वीज जाऊन आला की कित्येकदा १९७० सालची तारीख दाखवतो. दोन्हींची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) जुळवलेली नसतील तर त्या नोंदी एकमेकींशी ताडताच येत नाहीत.

आपल्या दैनिकाला एक विनंती. सायबर हल्ल्याची बातमी छापताना ‘हॅकर्सनी संगणक स्कॅन केले’ एवढ्यावर थांबू नये. कोणते पोर्ट, आतून की बाहेरून, आणि त्यानंतर लॉगिन झाले का, ही तीन उत्तरे संबंधितांकडून मागून घ्यावीत. ती मिळाली तर त्याच आठवड्यात दुसरी एखादी पतसंस्था आपल्या राउटरचे पान उघडून तेच पोर्ट तपासू शकेल.

आपला,
एक नेटवर्क प्रशासक, पुणे